खाडा कुणी भरला?

आबांच्या साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, एक नाव होतं. बाजूच्या लोखंडी चौकटीवर ओतीव अक्षरांत, वंगण आणि सुताची पिंजण बसून बुजत चाललेलं. आबांना इंग्रजी येत नव्हतं. जॉबरनं, म्हणजे खात्यातल्या मुकादमानं, एकदा वाचून दाखवलं आणि ते त्यांच्या तोंडी बसलं, त्यांच्या पद्धतीनं : बिलॅकबन. लालबागच्या एका गिरणीत, साळखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात, त्यांनी एकोणचाळीस वर्षं काढली आणि मोठ्या संपाच्या आदल्या वर्षी निवृत्त होऊन ते आमच्याकडे पुण्याला आले. येताना मागावरचा एक धोटा घेऊन आले होते. तो अजून आमच्या शोकेसमध्ये आहे, टोकाचं लोखंड गंजलेला.

नोव्हेंबर २०१० मध्ये मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहानं, म्हणजे आपल्या कोंबडीवाल्या 'वेंकीज'नं, इंग्लंडातला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला अशी बातमी होती. आबांचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाले, "बिलॅकबनचं काय म्हनलीस?" त्यांना वाटलं पुण्याच्या माणसांनी साच्यांचा कारखाना घेतला. चेंडू खेळणारा संघ घेतला म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

फुटबॉल हा माझा विषय नाही. ऑफसाइड मला अजूनही एका दमात समजावून सांगता येत नाही. पण त्या गावाचं नाव घरात चाळीस वर्षं ऐकलेलं, म्हणून कुतूहलानं वाचायला घेतलं. रोव्हर्सबद्दल शोधायला गेले आणि सापडला त्याच गावातला दुसराच एक संघ, ब्लॅकबर्न ऑलिम्पिक. सगळ्यांत जुन्या बाद फेरीच्या स्पर्धेचा, एफए कपाचा, १८८२-८३ चा मोसम त्यांचा. त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी थोडा थोडा तो मोसम मी आबांना सांगत गेले.

कपाची सुरुवात अगदी घरगुती होती. फुटबॉल असोसिएशनचे सचिव चार्ल्स अल्कॉक हे हॅरो शाळेचे विद्यार्थी. शाळेत वसतिगृहा-वसतिगृहांत सामने होत, हरला तो घरी, जिंकला तो पुढे. तीच कल्पना त्यांनी १८७१ मध्ये देशभरच्या क्लबांसाठी मांडली. पहिल्या वर्षी पंधरा संघांनी नावं दिली. वीस पौंडांच्या आसपास खर्चून चांदीचा एक छोटा चषक करून घेतला. आणि पुढची दहा-अकरा वर्षं हा चषक लंडन आणि दक्षिणेतल्या सद्गृहस्थांमध्येच फिरत राहिला. वाँडरर्स, रॉयल एंजिनिअर्सचे लष्करी अधिकारी, ऑक्सफर्डचे विद्यार्थी, ईटन आणि चार्टरहाउस या श्रीमंत शाळांचे माजी विद्यार्थी. हे लोक पैशासाठी खेळत नसत, आणि तसं खेळणाऱ्यांबद्दल त्यांना मनापासून किळस होती. पैशाची गरजच नसल्यावर ती बाळगायला सोपी जाते, असं माझं मत.

उत्तरेत, लँकेशायरच्या गिरणीगावांत, तोच खेळ वेगळ्या वाटेनं पोचला. तिथं त्याला जागा मिळाली ती शनिवारच्या दुपारची. १८५० च्या कायद्यानं कापडगिरण्यांत बायका आणि पोरांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालेना, म्हणून पुरुषांचंही थांबलं. १८७४ मध्ये ते आणखी अलीकडे, एकच्या सुमारास आलं. भोंगा वाजला, हातपाय धुतले, घास खाल्ला आणि माणसं मैदानावर. इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनला सामने सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. गिरणीच्या भोंग्यानं लावलेलं हे घड्याळ अजून पुरतं बंद पडलेलं नाही.

आबांना यातलं शनिवारचं गणित लगेच कळलं. ते म्हणाले, "आमचा रविवार लोखंड्यांनी दिला." शाळेत मी हे नाव ऐकलं नव्हतं, आबांकडून ऐकलं. नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय, तर आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, आणि पगार वेळेवर. रविवार मिळायला १८९० चा जून उजाडला. म्हणजे ब्लॅकबर्नचे विणकर कपासाठी खेळत होते तेव्हा त्यांच्यासारख्याच साच्यांवर उभ्या असलेल्या परळच्या विणकराला खेळायला आठवड्यातला एकही हक्काचा दिवस नव्हता. आबा तरुणपणी रविवारी कबड्डी खेळत. डाव्या गुडघ्यावर त्याची खूण होती, ती ते पावसाळ्यात चोळत बसत.

ब्लॅकबर्नमध्येही सगळं एकजात नव्हतं. रोव्हर्स हा १८७५ चा क्लब, शिकल्यासवरल्या घरच्या मुलांनी काढलेला. १८८२ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचलेला तो उत्तरेतला पहिला संघ. पस्तीस सामने न हरता ते लंडनला गेले आणि माजी ईटनवाल्यांकडून एका गोलनं हरले. ईटनचा कर्णधार आर्थर किनेर्ड, लाल दाढी, पायांत लांब पांढरी विजार. जिंकल्याच्या आनंदात तो प्रेक्षकांसमोर चक्क हातांवर उलटा उभा राहिला. बँकवाल्या घरचा, पुढे लॉर्ड झालेला माणूस. मला त्याचा राग येत नाही. तो खेळत होता मात्र जीव ओतून.

ऑलिम्पिक हा क्लब १८७८ चा. गावातले दोन छोटे संघ एकत्र करून बांधलेला. एका दारूच्या गुत्त्याला लागून असलेलं मैदान, आणि नाव मात्र थेट ग्रीसचं. ऑलिंपियाच्या उत्खननाच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या, खजिनदाराला नाव आवडलं. ते १८७८ साल ब्लॅकबर्नमध्ये आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहिलं. मालकांनी मजुरीत दहा टक्के कपात केली, लँकेशायरभर विणकरांनी संप केला आणि मे महिन्यात जमावानं मालकांच्या संघटनेचा म्होरक्या कर्नल जॅक्सन याचा बंगला जाळला. संप फसला, कपात राहिली. हे सांगितल्यावर आबा बराच वेळ गप्प होते. त्यांचे बरोबरीचे लोक १८ जानेवारी १९८२ ला बाहेर पडले आणि पुन्हा आत गेलेच नाहीत.

तर १८८२-८३. चौऱ्याऐंशी संघांनी नावं नोंदवली. ऑलिम्पिककडे कुणाचं लक्ष असायचं कारण नव्हतं. आधीच्या दोन वर्षांत ते या स्पर्धेत एकही सामना जिंकलेले नव्हते. या वेळी ॲक्रिंग्टनला सहा-तीन, लोअर डार्वेनला आठ-एक, डार्वेन रॅम्बलर्सला आठ-शून्य, चर्च नावाच्या गावच्या संघाला दोन-शून्य. ही सगळी शेजारपाजारची गावं, म्हणजे आपल्याकडे कऱ्हाडनं उंब्रजला हरवावं तसं. मग वेल्सचे ड्रूइड्स आले, ते चार-एकनं गेले. इकडे रोव्हर्सना डार्वेननं दुसऱ्याच फेरीत बाहेर काढलं. गावाची सगळी आशा गरीब भावावर आली.

डार्वेन हे नाव आलंच आहे तर त्यांची गोष्ट टाकून पुढे जाववत नाही. ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला लागून असलेलं हे गिरणीगाव. (१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी इथं आले होते. त्यांच्या स्वदेशीनं ज्यांचं काम गेलं त्या गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरून जयजयकार केला, तो प्रसिद्ध फोटो डार्वेनचाच.) १८७९ मध्ये डार्वेनची गाठ याच माजी ईटनवाल्यांशी पडली, लंडनला. पंधरा मिनिटं उरली तेव्हा ईटन पाच, डार्वेन एक. तिथून डार्वेननं चार गोल केले. पाच-पाच. जादा वेळ खेळून निकाल लावू, असं डार्वेनवाले म्हणाले. ईटननं नकार दिला. मग पुन्हा लंडन. दोन-दोन. मग तिसऱ्यांदा लंडन. गावात वर्गणी काढली, असोसिएशननं दहा पौंड दिले, खुद्द ईटनवाल्यांनी पाच दिले. तिसऱ्या सामन्यात डार्वेन सहा-दोन हरले.

हे ऐकून आबांनी तो प्रश्न विचारला. "तीन बारीला खाडं किती झालं आसतील? खाडा कुनी भरला?"

खाडा म्हणजे गैरहजेरी. गिरणीत तो शब्द नुसता हजेरीपटावरचा नसतो. खाडा म्हणजे कापलेला पगार, जॉबरची शिवी, आणि जास्त झाले तर आपल्या साच्यावर उभा असलेला बदलीवाला. मी वाचलेल्या हकिकतींमध्ये गोल होते, चढाया होत्या, कोण कुठून पळाला ते होतं. हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

आणि गंमत अशी की त्या काळच्या फुटबॉलचं सगळं भांडणच या प्रश्नावर उभं होतं. १८८२ मध्ये असोसिएशननं नियम केला : खेळाडूला प्रवासखर्च आणि प्रत्यक्ष बुडालेली मजुरी यापलीकडे छदामही मिळाला तर तो स्पर्धेतून बाद. म्हणजे खाडा भरून द्यायला परवानगी होती, वर काही द्यायला नव्हती. कागदावर ठीक. पण विणकराची मजुरी तो किती वार कापड काढतो त्यावर ठरायची. बुडालेली मजुरी नेमकी किती, हे कोण मोजणार? उत्तरेतल्या क्लबांनी या फटीतून काय काय नेलं याचे किस्से पुष्कळ आहेत. शेवटी १८८५ च्या जुलैमध्ये असोसिएशननं हात टेकले आणि पगारी खेळाडूंना मान्यता दिली.

ऑलिम्पिकचे खेळाडू कोण होते? तीन विणकर. एक सूतकताईवाला, जिमी कॉस्टली. एक ओतशाळेतला कामगार. एक तसबिरींच्या चौकटी करणारा, आर्थर मॅथ्यूज. एक कारकून. गोलरक्षक हॅकिंग दातांच्या डॉक्टरांचा मदतनीस. कर्णधार ॲल्बर्ट वॉरबर्टन नळजोडणीचं काम करणारा. आणि जॅक हंटर, शेफील्डहून आलेला, इंग्लंडकडून खेळलेला जुनाजाणता माणूस. त्याचं पोट गुत्ता चालवून भरायचं, पण खरं काम संघाला शिकवण्याचं. हंटरनं दोन गोष्टी केल्या. ईटनवाले चेंडू पायाशी ठेवून एकट्यानं मुसंडी मारत, बाकीचे मागून पळत. हंटरच्या पोरांनी या बाजूकडून त्या बाजूला लांब चेंडू टाकायला सुरुवात केली. म्हणजे चेंडू पळणार आणि समोरचे दमणार. दुसरी गोष्ट, त्यानं संघाला ब्लॅकपूलला नेलं.

ब्लॅकपूल हे समुद्रकाठचं गाव, गिरणीवाले वर्षातून एकदा हवापालटाला जात तिथलं. उपांत्य सामन्याच्या आणि अंतिम सामन्याच्या आधी हंटर त्यांना तिथं घेऊन राहिला. सकाळी सहाला पोर्ट वाइनचा एक पेला आणि दोन कच्ची अंडी, मग वाळूवरून रपेट. न्याहरीला ओटची पेज आणि हॅडॉक मासा. दुपारी मेंढ्याची तंगडी. संध्याकाळी पुन्हा पेज आणि दूध. रात्री माणशी अर्धा डझन कालवं. लंडनच्या लोकांना हे फार विचित्र वाटलं, जवळजवळ अप्रामाणिक. आपल्याकडे कुणाला वाटणार नाही. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचाच आहे, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम. खेळाआधी खुराक लागतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आबांचं मत फक्त एवढंच : "सकाळी सा ला दारू काय बरूबर न्हाई."

पण खाडा? तो भरला गावातल्या ओतकाम कारखान्याच्या मालकानं, सिडनी येट्सनं. क्लबमागे आधीपासून त्याचाच पैसा होता. या तयारीसाठी त्यानं शंभर पौंड दिले. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या विणकरानं एवढी रक्कम एकत्र कधी बघितली नसेल. मी आबांना विजयी स्वरात उत्तर सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे मालकच." खूश झालेले दिसले नाहीत, नाराजही नाही.

उपांत्य सामना मँचेस्टरला, ओल्ड कार्थुशियन्सशी, म्हणजे चार्टरहाउसच्या माजी विद्यार्थ्यांशी. दोनच वर्षांपूर्वी कप जिंकलेला संघ. ऑलिम्पिकनं त्यांना चार-शून्य झोपवलं.

३१ मार्च १८८३, शनिवार. लंडनचं केनिंग्टन ओव्हल, एरवीचं क्रिकेटचं मैदान. आठेक हजार लोक. समोर गतविजेते माजी ईटनवाले, किनेर्ड नवव्यांदा अंतिम सामना खेळतोय. त्यांच्यातला गुडहार्ट पुढे एडिंबरोला लॅटिनचा प्राध्यापक झाला, गोलरक्षक रॉलिन्सन पार्लमेंटात गेला. पहिला गोल या गुडहार्टनंच केला. मध्यंतरानंतर मॅथ्यूजनं, चौकटीवाल्यानं, बरोबरी साधली. मग ईटनचा आर्थर डन जायबंदी होऊन बाहेर गेला. बदली खेळाडू ही भानगड तेव्हा नव्हती. गिरणीत बदलीवाले दारात रांग लावून उभे, आणि इथं ओव्हलवर सद्गृहस्थांना एक मिळेना. ईटन दहा जणांवर आलं. नव्वद मिनिटं संपली, एक-एक.

चार वर्षांपूर्वी जादा वेळ नाकारला तसा या वेळी नाकारला गेला नाही. अर्धा तास वाढवला. आणि तिथं ब्लॅकपूलची वाळू कामाला आली. ईटनवाल्यांचे पाय ओढत होते, ऑलिम्पिकचे चालत होते. येट्स नावाच्या विणकरानं (मालकाचं आडनाव तेच, माणूस दुसरा) एका बाजूनं चेंडू टाकला, दुसऱ्या बाजूनं कॉस्टली धावत आला आणि त्यानं तो रॉलिन्सनला चुकवून आत घातला. दोन-एक. कप पहिल्यांदा उत्तरेत गेला. गावात मिरवणूक निघाली, बँड वाजले. वॉरबर्टननं फुशारकी मारली की हा कप आता लंडनला परत जायचा नाही.

ती खरीही ठरली, जरा वेड्यावाकड्या रीतीनं. पुढची तीन वर्षं रोव्हर्सनं कप गावातच ठेवला, मग तो उत्तरेत आणि मध्य इंग्लंडात फिरत राहिला. १८९५ मध्ये तो ॲस्टन व्हिलाकडे असताना बर्मिंगहॅमच्या एका दुकानाच्या खिडकीतून चोरीला गेला. तो वितळवून खोटी नाणी पाडली, अशी कबुली पुष्कळ वर्षांनी एका म्हाताऱ्यानं दिली. लंडनच्या संघानं पुन्हा कप जिंकला तो १९०१ मध्ये, तोवर चांदीचा तो पहिला चषक उरलाच नव्हता.

सामन्यानंतर ईटन शाळेच्या नियतकालिकानं नापसंतीचा सूर लावला. एका सामन्यासाठी इतके दिवस सराव करायचा ही नवी खोड उत्तरेवाल्यांनी आणली, म्हणे. शिवाय गिरणी कामगारांना आणि मजुरांना इतका वेळ काढणं कसं जमलं आणि त्यासाठी पैसे कुठून आले, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. हे वाचून मी उडालेच. ईटनच्या माणसानं आणि लालबागच्या साळखात्यातल्या माणसानं एकच प्रश्न विचारला होता. ईटनच्या माणसाला संशय येत होता. आबांना काळजी वाटत होती. ईटनच्या अकरा जणांचा खाडा कुणी भरला, हे मात्र त्या नियतकालिकाला विचारावंसं वाटलं नाही.

आबांनाही वाटलं नव्हतं, पण वेगळ्या वाटेनं ते तिथं पोचले. मी एकदा सांगितलं की ब्लॅकबर्नच्या गिरण्यांचं मुख्य गिऱ्हाईक आपणच होतो. तिथले साचे आपल्यासाठी धोतरं विणत. १८८२ च्या मार्चमध्ये, म्हणजे या मोसमाच्या जरा आधीच, इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरची जकात काढून टाकली, मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी तगादा लावला म्हणून. आबा उठून बसले. "माझ्या आज्याचं धोतार तिकडचंच आसंल मग." हिशेब करून म्हणाले, "त्या पोरांच्या अंड्याचं पैसं आपुनबी दिलं की गं थोडं."

ऑलिम्पिक फार टिकला नाही. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत ग्लासगोच्या क्वीन्स पार्कनं त्यांना हरवलं. पगारी खेळ कायदेशीर झाला तसा पैसेवाल्यांचा झाला. एका गावात दोन क्लब पोसायला गिऱ्हाईक पुरेना. १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग निघाली, ब्लॅकबर्नमधून रोव्हर्सना घेतलं. ऑलिम्पिकला खेळाडूंचे पगार परवडेनात, त्यांनी ते बंद केले, आणि १८८९ मध्ये क्लबच बंद झाला. ज्यांनी सगळ्यांसाठी दार ढकलून उघडलं त्यांना आत बसायला जागा मिळाली नाही. मला हे सांगताना वाईट वाटत होतं. आबांना त्यात नवल वाटलं नाही.

त्याच हिवाळ्यात एका शनिवारी रात्री साडेआठला टीव्हीवर रोव्हर्सचा सामना लागला. निळे-पांढरे अर्धे अर्धे सदरे. आबांना जवळ खुर्ची दिली. बराच वेळ ते पडद्याच्या कडेला काहीतरी शोधत होते, मला वाटतं गिरण्यांच्या चिमण्या. दिसल्या नाहीत. मग विचारलं, "ह्यांचा मालक आता पुन्याचा, व्हय?"

"हो आबा."

"आन् खेळनारी तिकडली?"

"हो. कुठकुठली."

ते हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. मी पाणी दिलं. पेला परत देताना म्हणाले, "मग आता त्येंचं खाडं आपुन मांडायचं का?"